पस्तीसच्या खाली

कौमुदीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उभी होती, आणि पुढचे चार तास उभीच राहिली.

२००५ सालचा गणपती. म्युनिकमधल्या मराठी मंडळींनी एका चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता आणि त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ बायका ऐंशी माणसांच्या मोदकांच्या सारणामागे लागलो होतो. नारळ चौदा आणि खवणीच्या विळ्या दोनच. त्यातली एक माझ्या मुलीनं, स्वरूपानं, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून सुटकेसमध्ये घालून आणलेली. एकीचा हात दुखायला लागला की ती उठायची आणि दुसरी तिच्या जागी बसायची. अशा सगळ्या बसून झाल्या. खिडकीजवळ उभी असलेली, निळ्या शर्टातली, आखूड केसांची एकटीच उरली.

"कौमुदी, आता तू बस गं," कुणीतरी म्हणालं.

"नको. मी भांडी घासते."

"जर्मन नवरा केला की विळी विसरायला होतं वाटतं?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ती हसून म्हणाली आणि सिंककडे वळली. सगळ्या हसल्या. शिष्ट आहे, अशी तिच्याबद्दल एकूण समजूत होती, ती त्या हसण्यात ऐकू आली. मी मात्र पाहत राहिले. ज्या बाईला काम टाळायचं असतं ती ऐंशी माणसांची भांडी अंगावर घेत नाही. तिनं ती सगळी घासली, पुसली, आणि मधूनमधून ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहत होती, गाडीची वाट पाहणारं माणूस राहतं तशी.

तेहतीस वर्षं मी नाशिकला मुलींना गणित शिकवलं. वर्गात सगळ्या मुली बाकावर बसलेल्या असतात, पण एखादीचा पाय बाकाखाली सारखा हलत असतो. त्या पायाकडे लक्ष ठेवायची मला सवय आहे.

स्वरूपा आणि जावई म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला राहतात. दोघं कामावर जातात, म्हणून मी वर्षातून एकदा तीन महिने नातीजवळ, कुहूजवळ, येऊन राहते. तेव्हा कुहू चार वर्षांची होती. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. गणपतीनंतरच्या आठवड्यात गावाजवळच्या तळ्याभोवती आम्ही दोघी फिरत होतो, तर समोरून कौमुदी जवळजवळ धावत आली. तीही त्याच गावात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची. मोटारींच्या आरशांची थरथर मोजायचं तिचं काम होतं. गाडी वेगात असताना आरसा किती हलतो, हे यंत्रावर बसवून पाहायचं. पुण्याहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आली, आणि इथे योखेनशी लग्न केलं. तो नगरपालिकेत जमिनीचे नकाशे सांभाळतो. हे सगळं तिनं मला चालता चालता पाच मिनिटांत सांगितलं. मला धाप लागली.

"काकू, मी फार भराभर चालते का?"

"हो."

"सॉरी," ती म्हणाली, आणि तशीच चालत राहिली.

मग रोज संध्याकाळी आम्ही भेटू लागलो. ती घरीही यायची. स्वरूपाच्या पुरणपोळ्या तिनं तीन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. आणि पंधराएक दिवसांनी एका रविवारी आली तेव्हा तिनं काहीच घेतलं नाही. बटाटेवडा नको, चहा नको, चिवड्याचा दाणाही नको. पर्समधून डबा काढून मिठाशिवायचा मऊ मुगाचा भात खाल्ला.

"उपास आहे का गं?"

"नाही. ऑक्टोबरात टर्मिन आहे," ती म्हणाली. टर्मिन म्हणजे इथे डॉक्टरांनी दिलेली वेळ. कसली वेळ, ते मी विचारलं नाही.

ते कळलं दोन दिवसांनी. तळ्याच्या मागच्या बाजूला रानटी झुडपांना काळी बोरं लागतात. कौमुदी कुहूसाठी ती तोडत होती आणि काट्यानं तिच्या तळव्यावर चांगलाच ओरखडा उठला. रक्त आलं. कुहूच्या खिशात किंडरगार्टनमधली अस्वलाचं चित्र असलेली पट्टी होती. ती मोठ्या अभिमानानं पट्टी घेऊन धावली.

"नाइन! नको!" कौमुदी किंचाळली. "हात लावू नकोस! लांब हो!"

कुहू जागच्या जागी थिजली आणि मग भोकाड पसरून रडू लागली. कौमुदीनं हात पाठीमागे लपवला. चेहरा पांढराफटक. मी कुहूला कडेवर घेतलं, बाकावर बसले, तिला बोरं दिली. कौमुदीनं स्वतःच्या हातानं तळव्याला रुमाल गुंडाळला, वापरलेले टिश्यू एका पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि समोर येऊन उभी राहिली.

"काकू, मला हेपॅटायटिस सी आहे."

"बस आधी."

ती बसली नाही. उभ्यानंच सांगितलं. १९८८ साली पुण्यात तिच्या लूनाला ट्रकनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं, चार बाटल्या रक्त द्यावं लागलं. तेव्हा आपल्याकडे रक्त या विषाणूसाठी तपासत नसत. चौदा वर्षं तिला काही झालं नाही, म्हणजे काही कळलं नाही. मग २००२ साली ऑफिसात रक्तदान होतं. तिनं हौसेनं रक्त दिलं, आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं.

"हा फक्त रक्तातून रक्तात जातो. खाण्यापिण्यातून नाही, शिवून नाही. योखेनला नाही झालेला, त्याचं तपासलंय. पण विळीचं पातं आठ जणींच्या हाताखालून जातं ना, काकू. माझं बोट कापलं आणि नंतर दुसरीचं कापलं तर?"

"म्हणून भांडी."

"म्हणून भांडी," ती म्हणाली. "शिष्ट म्हणतात, म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी तिनं मला तिची वही दाखवली. चौकटींच्या कागदाची, निळ्या पुठ्ठ्याची. यकृताच्या पेशी दुखावल्या की एक एन्झाइम रक्तात उतरतं, त्याला इथे जीपीटी म्हणतात. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि तो आकडा वहीत आलेखावर मांडायचा. पहिला ठिपका चौऱ्याण्णववर होता. मग अठ्ठावन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस. शेवटचे सगळे चाळिशीच्या आसपास, आणि जुलैचा सदतीस. ठिपके जोडणारी रेघ अशी सुरेख उतरत होती की मी वर्गात फळ्यावर काढली असती. पस्तीसवर तिनं लाल पेननं आडवी रेघ मारली होती. बायकांसाठी पस्तीसच्या आत म्हणजे नॉर्मल.

"आमच्याकडे पस्तीसच्या वर गेलं की पास," मी म्हटलं. "तुमचं उलटंच."

"पास झाले की मूल," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय. पस्तीसच्या खाली आलं की मूल होऊ द्यायचं आणि मग नंतर कधीतरी औषध."

"आधी औषध का नाही?"

"ते औषध चालू असताना मूल होऊ देता येत नाही, आणि संपल्यावरही सहा महिने नाही. बाळात दोष येतात. म्हणजे दीड वर्षच जातं. आणि इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेऊन माणसं झोपून राहतात, रडतात, केस जातात. मी सदतीस वर्षांची आहे, काकू. आल्झो, म्हणून आधी मूल."

"डॉक्टर काय म्हणतात?"

ती वही मिटून चालायला लागली. मी मुद्दाम हळू चालले. मग तीच परत फिरली.

"त्या दोनदा म्हणाल्या, सुईनं यकृताचा एवढासा तुकडा काढून बघू या. आकडा उतरतोय तर कशाला? मी नंतर म्हटलं."

जुलैचा सदतीस हा आकडा आणि मुगाचा भात या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारीशेजारी येऊन बसल्या होत्या. मी वही परत मागितली. शेवटच्या पानावर बारीक पेन्सिलीत तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढे 'प. सुरू' असं लिहिलेलं.

"प म्हणजे?"

"पथ्य," ती म्हणाली. मग थोडी लाजली. "आईनं सांगितलेलं. ती म्हणते, कावीळच ना ही, आजोबांची पथ्यानं उतरली होती. तपासणीच्या आधी तीन आठवडे तेल-तूप बंद, मूग, ताक, आणि ती पुण्याहून भुईआवळ्याची पूड पाठवते ती सकाळ-संध्याकाळ."

"आणि तपासणी झाली की?"

"मग इथलं वर्स्ट, म्हणजे सॉसेज, पुरणपोळी, सगळंच."

माझ्या वर्गात दरवर्षी अशा दोन-तीन मुली असायच्या. हुशारच असायच्या. परीक्षेच्या आधी तीन आठवडे घोकायच्या, मार्क मिळवायच्या, आणि पुढच्या इयत्तेत मागचं काहीही विचारलं की गोऱ्यामोऱ्या व्हायच्या. मी त्यांच्यावर रागावत नसे. मधल्याच एखाद्या दिवशी, न सांगता, पाटीवर एक उदाहरण घालत असे.

"मधल्या दिवसांत कधी रक्त तपासलंस?"

"नाही."

"हे पथ्याच्या दिवसांचे ठिपके झाले. बाकीच्या दिवसांचे कुठे आहेत?"

तिच्या बुटाचा पुढचा भाग वाळूत सारखा एक खड्डा करत होता.

"तुझ्या डॉक्टरना पथ्याचं माहीत आहे?"

"कोण सांगतंय! मी इंजिनिअर ना? त्या म्हणतील, ही बाई पूड खाऊन येते."

"म्हणू देत," मी म्हटलं. "शिष्ट म्हणतात ते चालतं ना तुला?"

ती माझ्यावर चिडली. दोन दिवस तळ्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशी थेट घरी आली, स्वरूपानं तळलेल्या कोथिंबीरवड्या उभ्याउभ्या पाच खाल्ल्या आणि म्हणाली, "चार तारखेला तुम्ही यायचं माझ्याबरोबर. योखेनला सुट्टी नाही, आणि मी एकटी गेले तर सांगणार नाही."

डॉक्टरीणबाईंचं नाव हाउसर. पन्नाशीच्या, बारीक, टेबलावर पेन्सिली ओळीनं लावलेल्या. मला जर्मन येत नाही, पण कौमुदी बोलत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून एक-दोन प्रश्न विचारले, पुडीतली भुकटी पाहायला मागितली, आणि ती बंद करायला सांगितली. त्यात नेमकं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दुखऱ्या यकृतावर माहीत नसलेलं काही नको. रक्त घेतलं. संध्याकाळी आकडा कळला, सत्त्याण्णव.

फोन ठेवून कौमुदी आमच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. "पथ्यानं उतरत होता, काकू! बघा, पथ्य सोडलं आणि वर गेला!"

तेच तिनं दुसऱ्या दिवशी हाउसरबाईंना सांगितलं. त्यांनी जे उत्तर दिलं ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं. पथ्यानं उतरला की आपला आपण, हे कुणालाच सांगता येणार नाही. या आजारात तो आकडा लाटेसारखा वर-खाली होतो. पण तो सदतीस असो की सत्त्याण्णव, यकृतावर आत किती वण धरला आहे ते त्यातून कळत नाही. काही माणसांचा आकडा वर्षानुवर्षं नॉर्मल राहतो आणि वण वाढत असतो. मी तुम्हाला पस्तीसची अट कधीच घातली नव्हती. ती तुम्ही घातलीत.

मग त्यांनी एका कागदावर दोन वाटा काढून दिल्या. तुकडा तपासू. वण नसल्यासारखा किंवा थोडा असेल तर औषधाची घाई नाही, आधी मूल होऊ दे, आम्ही लक्ष ठेवू. बाळाला हा आजार जाण्याची शक्यता शंभरात पाचेक. वण पुढे गेलेला असेल तर मात्र आधी औषध. तिच्या विषाणूचा प्रकार तिसरा होता, आपल्याकडे जास्त आढळणारा. त्याला वर्षभर नाही, औषधाचे चोवीस आठवडे पुरत, आणि दहातले सात-आठ जण बरे होत.

म्हणजे तीन वर्षांपूर्वीच एका सुईनं प्रश्न सुटला असता. हे तिला तिथेच कळलं असणार. घरी येताना गाडीत जागा असूनही दाराजवळ उभी राहिली आणि प्रत्येक स्टेशनावर दार उघडायचं बटण तिनंच दाबलं.

पुण्याला तिच्या आईंना, यमुनाबाईंना, फोन केला तेव्हा मी शेजारी होते. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"सुई खुपसणार? यकृतात? अगं, असल्या दुखण्यात सुई लावली की भडकतं ते!"

"आई, काही भडकत नाही."

"मग पूड का बंद केलीस? मी काय विष पाठवत होते का?"

"नाही गं, आई."

"माझ्या हयातीत एक नातवंड दाखवशील की नाही तेवढं सांग."

कौमुदीनं फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत गेली. मी यमुनाबाईंना म्हटलं, "अहो, मी नाशिकची, स्वरूपाची आई. तिला घाबरवू नका. आम्ही आहोत इथे." त्या रडत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "ती नीट जेवते का हो?"

तेरा ऑक्टोबरला बायोप्सी झाली. सुई आत जाऊन बाहेर यायला एक क्षण, पण नंतर उजव्या कुशीवर, खाली वाळूची पिशवी दाबून, चार तास न हलता पडायचं. कौमुदीला आयुष्यात कुणी याहून मोठी शिक्षा दिली नसेल. योखेन पायाशी बसला होता, मी डोक्याशी. योखेन कमी बोलतो. त्याला मराठीत एकूण वीसेक शब्द येतात. त्यातला एक 'काकू', आणि एक 'गप', तो बायकोकडून शिकलेला.

"किती वाजले?" दर सात-आठ मिनिटांनी कौमुदी विचारायची.

"गप," योखेन म्हणायचा.

तिसऱ्या तासाला तिचा पाय चादरीखाली हलू लागला. योखेननं त्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिनं घरातलं प्रत्येक कपाट रिकामं करून पुन्हा लावलं, दोन वेळा केस कापले, आणि कुहूला सायकल शिकवायला निघाली ते कुहूलाच दमवून आली. रोज तीच गोष्ट नव्यानं मांडायची. शून्य आला तर या ख्रिसमसलाच... एक आला तरी... दोन आला तर काय? मी म्हणायचे, आल्यावर बघू. ती म्हणायची, तुम्ही कसं काय बघू म्हणता!

वण शून्य ते चारच्या मापावर मोजतात. चार म्हणजे यकृत आक्रसून गेलेलं. तिचा आला दोन आणि तीनच्या मध्ये.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि पहिल्यांदाच, मी न सांगता, खुर्चीवर बसली. स्वरूपानं चहा ठेवला. मग कौमुदीच म्हणाली, "आधी औषध. मी योखेनला सांगितलं, तुझं मत विचारत नाही, सांगतेय. तो म्हणाला, बरं झालं विचारलं नाहीस, मला तेच सांगायचं होतं."

"आणि मूल?"

"मी एकोणचाळिशीची होईन तेव्हा." तिनं कपाची कड अंगठ्यानं पुसली. "होतात काहींना."

रक्त, थायरॉइड, गरोदर नसल्याची खात्री, मानसोपचारवाल्या बाईंशी एकदा बोलणं, हे सगळं होऊन पहिलं इंजेक्शन अकरा नोव्हेंबरला ठरलं, शुक्रवारी. इंजेक्शन आठवड्यातून एकदा. त्याला शुक्रवारच निवडायचा, म्हणजे ताप शनिवार-रविवारी येऊन जातो. अकरा नोव्हेंबरला इथे मुलं कागदी कंदील घेऊन मिरवतात. कुहू आपला पिवळा कंदील घेऊन तिच्या दारात गेली. कौमुदीनं स्वतःच पोटावर इंजेक्शन घेतलं होतं आणि थंडीनं तिचे दात वाजत होते, तरी ती पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. कुहूला जवळ मात्र येऊ दिलं नाही.

नऊ दिवसांनी मी नाशिकला परतले. मार्चअखेर पुन्हा आले तेव्हा मी तिला ओळखलं नाही. हिमोग्लोबिन उतरलेलं, भांगात टाळू दिसणारी, एका जिन्यावर मध्ये दोनदा बसणारी. हिंडणंफिरणं गेलं होतं, पण चैन मुळीच नव्हतं. बसल्या जागी बोटं चालायची. कशावरूनही भांडायची, आणि भांडून झालं की रडायची. एकदा योखेननं ब्रेड जाड कापला म्हणून दोन तास रडली. तो ब्रेडची पिशवी घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, पातळ." स्वरूपानं पातळ काप करून दिले. हाउसरबाईंनी एकदा इंजेक्शनाबरोबरच्या रोजच्या गोळ्यांचा डोस कमी केला, पण इंजेक्शन थांबवलं नाही. शेवटचं झालं एप्रिलच्या एकविसाला. पुढे सहा महिने वाट. ऑक्टोबरात रक्तात विषाणू सापडला नाही. मला नाशिकला फोन आला. तीन मिनिटांत ती तीन वेळा म्हणाली, "नाही सापडला, बाई." तोवर मला काकू म्हणायची. तेव्हापासून बाई म्हणते.

२००७ च्या गणपतीत ती विळीवर बसली. नारळ तिनं इतका वाईट खवला की करवंटीचे तुकडे सारणात आले. "जर्मन नवरा!" कुणीतरी ओरडलं, आणि या वेळी सगळ्यांबरोबर तीही हसली.

मूल झालं नाही. २००८ च्या वसंतात दिवस गेले होते, दहाव्या आठवड्यात संपलं. त्यानंतर नाही. यमुनाबाईंनी विचारणं सोडून दिलं आहे. मी एकदा तिला म्हटलं, मी तुला ती तीन वर्षं आधी भेटले असते तर. ती म्हणाली, "आधी भेटला असता तर मी तुमचं ऐकलं नसतं, बाई. तेव्हा आकडा चांगला उतरत होता." निळी वही तिच्याकडे अजून आहे. पस्तीसची लाल रेघ तिनं खोडलेली नाही.

आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे. वण राहिला आहे, म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घेते, पथ्य न करता. आरशांची थरथर मोजायचं काम आठवड्यातून चार दिवस करते. बुधवारी तिला सुट्टी असते. त्या दिवशी ती साडेनऊपर्यंत झोपते.